मायच्या नव्या डोळ्याला दिसलेलं हॉटेल

माझ्या सासूबाईंच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायला डॉक्टरांना पंधरा मिनिटं लागली. त्यानंतर हॉटेलच्या काउंटरवर आमचीच बुक केलेली खोली आम्हाला मिळायला पाऊण तास लागला. या दोन्हींतलं अवघड काम कोणतं, याबद्दल लोकांचा काहीतरी गैरसमज आहे असं मला तेव्हापासून वाटतं.

हॉटेलात राहायची हौस आम्हाला नव्हती. दवाखाना गोंदियात, आमचं गाव गोरेगाव तालुक्यात, तिथून तासाभरावर. ऑपरेशन सकाळी, दुसऱ्या दिवशी पट्टी निघणार, तिसऱ्या दिवशी पुन्हा दाखवायचं. येऊन-जाऊन जमलं असतं. पण दिवस धानाच्या मळणीचे होते. आमचं खळं अंगणाला लागून आहे. थ्रेशर दिवसभर चालतो आणि त्यातून उडालेला भुसा दुधाच्या पातेल्यापर्यंत पोचतो.

"घरी धूळ असते का?" डॉक्टरांनी विचारलं.

"सध्या धुळीत थोडंसं घर असतं," मी म्हटलं.

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मग तीन दिवस यांना गावात नेऊ नका. स्वच्छ आणि शांत जागी ठेवा. वाकायचं नाही, जोरात खोकायचं नाही, डोळ्याला पाणी लावायचं नाही. आणि चिडायचं नाही."

शेवटची अट ऐकून मला घाम फुटला. सासूबाईंना आम्ही सगळे माय म्हणतो. पंचाहत्तरी उलटलेली, अंगाने काटकुळी, चौथी शिकलेली बाई. रोवणीच्या दिवसांत बांधावर नुसती उभी राहिली तरी बांधीतल्या बाया सरळ रेषेत रोप लावायच्या. न चिडता तीन दिवस काढणं हे तिच्यासाठी तीन दिवस श्वास न घेण्यासारखं होतं.

माझा नवरा तिरोड्याला वीज प्रकल्पात नोकरीला आहे. त्याची शिफ्ट बदलून मिळाली नाही, म्हणून मी शाळेतून रजा काढली आणि त्याने आपला वाटा म्हणून फोनवर हॉटेल बुक केलं. दवाखान्यापासून जवळ, चारच्या वर स्टार, फोटोत पांढरीशुभ्र गादी आणि तिच्यावर टॉवेलचे दोन हंस एकमेकांना मान लावून बसलेले. हॉटेलच्या नावात चक्क राजवाडा होता.

"माय पहिल्यांदा हॉटेलात राहून राहिली," तो मला म्हणाला. "चांगलंच पाहिजे."

तर दुपारी एक वाजता, डाव्या डोळ्यावर भलीमोठी पांढरी पट्टी आणि उजव्या डोळ्यात अजून न काढलेला मोतीबिंदू, अशा अवस्थेतल्या मायला धरून मी त्या राजवाड्यात शिरले. काउंटरवर चाळिशीचा एक माणूस मोबाइलमध्ये काहीतरी बघत होता. त्याने आमच्याकडे बघितलं, मग पुन्हा मोबाइलकडे बघितलं. मोबाइलमध्ये जे होतं ते आमच्यापेक्षा बरं असावं.

"बुकिंग आहे," मी म्हटलं.

"नहीं दिख रहा मॅडम."

मी माझा फोन त्याच्यासमोर धरला. त्यात दिसत होतं.

"आपके में दिख रहा है. हमारे में नहीं दिख रहा."

यावर काय उत्तर द्यायचं हे डी.एड.ला शिकवत नाहीत. मी नवऱ्याला फोन लावला. तो प्लांटमध्ये होता, मागून घरघर येत होती. त्याने काउंटरवाल्याला फोन द्यायला सांगितलं. काउंटरवाला "हां सर, हां सर" म्हणाला, फोन मला परत दिला आणि म्हणाला, "सर का भी वही कहना है." मग त्याने एक रजिस्टर काढलं, त्यात बोट फिरवलं आणि आमचं नाव तिथे होतं. माझ्या नवऱ्याच्या नावापुढे त्यांनी 'कपल' असं लिहून ठेवलं होतं. माझ्याकडे आणि मायकडे बघून त्याने ते खोडलं.

नंतर ओळखपत्रं. नंतर मायचा फोटो. "अम्मा, इधर कॅमेरे में देखिए."

"कोन्या डोऱ्यानं पाहू?" मायने विचारलं.

एवढं होईपर्यंत माय काउंटरला धरून उभी होती. समोर सोफा होता. सोफ्यावर पेंटचे डबे बसले होते.

खोली दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या अगदी शेजारी. लिफ्ट जुन्या पद्धतीची, हाताने ओढायच्या जाळीच्या दाराची. तिचं दार कोणी नीट लावलं नाही की तिच्यातून एक बाई अतिशय नम्र आवाजात बोलू लागे, "कृपया दरवाजा बंद कीजिए." दार लावेपर्यंत ती थांबत नसे. त्या हॉटेलात आमच्याशी 'कृपया' म्हणून बोलणारी ती एकटीच.

खोलीचं दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच थांबले. गादीवरची चादर पांढरी होती हे तिच्या कडांवरून कळत होतं. मधे एक चहाच्या रंगाचा डाग होता, साधारण छत्तीसगडच्या आकाराचा. पंख्याच्या पात्यांवर काळी लोकर उगवली होती. खिडकी होती, पण तिच्यासमोर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत आणि त्या भिंतीवर गळणारा पाइप. हंस कुठे उडून गेले होते कोण जाणे, टॉवेलसुद्धा नव्हता.

"कशी हाय वो खोली?" मायने विचारलं.

आणि मी खोटं बोलले. का बोलले ते आजही नीट सांगता येत नाही. डॉक्टरांचं वाक्य कानात होतं, नवऱ्याचं "चांगलंच पाहिजे" कानात होतं. "छान आहे, माय," मी म्हटलं. "एकदम स्वच्छ. मोठी खिडकी आहे."

"बाहेर काय दिसते?"

"झाडं आहेत."

"कोनती?"

आता आमच्या झाडीपट्टीतल्या बाईला नुसतं 'झाडं' सांगून भागत नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. "कडुनिंब," मी म्हटलं. "दोन."

मी पिशवीतली आमची सतरंजी त्या छत्तीसगडवर अंथरली आणि मायला आडवं केलं. डोळ्यात घालायचे थेंब ओळीने टेबलावर मांडले. माय दोन मिनिटं शांत पडली. मला वाटलं, जमलं.

तेव्हा खालून आवाज आला, "कैसे हैं आप?"

आणि शंभरेक माणसं एका सुरात ओरडली, "जबरदस्त!"

पाठोपाठ टाळ्या, मग टेबलं बडवल्याचा आवाज. खाटेखालची फरशी हलल्याचं मला पायाला जाणवलं. माय उठून बसली.

"काय होऊन रायलं वो? कोनी मेला का?"

मी खाली गेले. पहिल्या मजल्यावर हॉल होता आणि हॉलमध्ये एका पावडर विकणाऱ्या कंपनीचं दोन दिवसांचं शिबिर चाललं होतं. एक कोटवाला मनुष्य माइक घेऊन मंचावर फिरत होता. दर पाच-सात मिनिटांनी तो समोरच्यांना कसे आहात म्हणून विचारी, आणि इतक्या वेळा विचारूनही त्याची काळजी काही मिटत नव्हती.

मी काउंटरवर आले. "भाऊ, आमच्या पेशंटचं डोळ्याचं ऑपरेशन झालंय आज. आवाज कमी करायला सांगा."

"हो जाएगा मॅडम, पाँच बजे खतम हो जाएगा."

"आत्ता दोन वाजलेत."

"हां तो तीन ही घंटे की बात है."

"मग दुसरी खोली द्या."

"फुल है मॅडम. ये सब लोग इधर ही ठहरे हैं." त्याने आवाज खाली आणला, जसा काही मोठा सल्ला देत होता. "पेशंट है तो हॉस्पिटल में ही रहना था ना."

मी टॉवेल मागितला. टॉवेल धुलाईला गेलेत म्हणाला. खोलीतल्या फोनवरून शून्य दाबलं तर कोण उचलेल, हे विचारलं. तो जरा विचारात पडला. मग म्हणाला, "कोई ना कोई उठाएगा."

वर येऊन मी ड्रेसिंगच्या पाकिटातला कापूस काढला आणि मायच्या कानात घालू लागले. तिने माझा हात धरला.

"डोऱ्याचं ऑपरेशन झालं का कानाचं?"

"आवाज कमी येईल, माय."

"राहू दे. दिसून नाही रायलं, त आयकू तरी दे."

मग ती पडून ऐकत राहिली. अर्ध्या तासात तिला त्या कोटवाल्याचा ताल कळला. त्याने खालून "कैसे हैं आप?" विचारलं की शंभर माणसांच्या आधी, अर्धा श्वास आधी, माय छताकडे तोंड करून म्हणायची, "बेकार!" आणि मग खालून "जबरदस्त!" पहिल्यांदा मी तोंडाला पदर लावला. तिसऱ्यांदा ती स्वतःच हसू लागली आणि मला घाईने तिला गप्प करावं लागलं, कारण डॉक्टरांच्या यादीत हसणं होतं की नाही ते मला आठवेना.

संध्याकाळी मी त्या शून्यावर फोन केला. बराच वेळ वाजून कोणीतरी उचलला. मी मुगाची खिचडी सांगितली, तिखट नको, मऊ पाहिजे. "मिल जाएगा," पलीकडचा म्हणाला. दीड तासाने पांढऱ्या मिशांचा एक वेटर ट्रे घेऊन आला. एका वाटीत भात, एका वाटीत पिवळं वरण.

"खिचडी सांगितली होती," मी म्हटलं.

"यही है मॅडम. दोनों मिला लीजिए."

माय ऐकत होती. तिने भातात बोटं घातली, दोन शितं चिमटीत चोळली आणि जिभेवर ठेवली. "कनकी हाय ही," ती म्हणाली. "तुकडा तांदूर. आम्ही कोंबड्याइले टाकतो."

गोंदियात गिरण्याच गिरण्या. इथून तांदूळ कुठे कुठे जातो. चांगला सगळा जात असावा.

रात्री काय झालं ते फार सांगत नाही. लिफ्टमधल्या बाईने अनेकदा दरवाजा बंद करण्याची विनंती केली आणि अनेकदा मी उठून तो बंद केला. पहाटे गरम पाण्याची चौकशी केली तेव्हा कळलं की गीझर सहा ते आठ चालतो. सात वाजता नळ उघडला तर गार पाणी आलं. फोन केला. "छे से आठ के बीच में आएगा मॅडम," पलीकडून सांगण्यात आलं, "बीच में कभी भी."

नऊ वाजता आम्ही दवाखान्यात होतो. डॉक्टरांनी पट्टी काढली, डोळा पुसला, उजेड टाकला. "उघडा हळूच." मायने डोळा उघडला. डॉक्टरांनी समोर बोटं धरली. तिने ती मोजली, तीन. भिंतीवरच्या तक्त्यातली खालून दुसरी ओळ वाचली. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. गेली पाच-सहा वर्षं ती सगळ्यांना आवाजावरून, चालीवरून ओळखायची आणि आम्हाला वाटायचं, दिसतं तिला बऱ्यापैकी.

मग ती माझ्याकडे वळली आणि बघतच राहिली. मला वाटलं, आता काहीतरी चांगलं बोलेल.

"तुहे केस कवा पिकले वो?"

"झाली दोन-तीन वर्षं, माय."

"मले कोनी सांगतलं नाही."

तिने हात वर करून माझ्या कानामागची बट धरली, उजेडाकडे वळवून पाहिली आणि सोडली. मी दारातल्या नर्सकडे बघत उभी राहिले, कारण दुसरीकडे कुठे बघावं ते कळेना. माझे केस पिकले हे त्या घरात कोणाच्या लक्षात आलं असेल असं मला वाटलं नव्हतं. नवऱ्याच्या तर अजून आलेलं नाही, आणि त्याचे दोन्ही डोळे उत्तम आहेत.

काळा चष्मा लावून आम्ही ई-रिक्षात बसलो. रस्ताभर माय पाट्या वाचत होती. मोठ्याने. हिंदी, मराठी, दुकानदारांची नावं, डॉक्टरांच्या डिग्र्या, मूळव्याधीवरचा रामबाण उपाय. रिक्षावाल्याने दोनदा मागे वळून बघितलं. मला ते ऐकत राहावंसं वाटत होतं, पण हॉटेल जवळ येत होतं. त्या दोन कडुनिंबांचं काय करायचं?

हॉटेलात शिरल्या शिरल्या तिने काउंटरमागची सोनेरी पाटी वाचली. "'आपका संतोष ही हमारी पूंजी है.' म्हंजे काय वो?"

"तुम्ही खूश असलात की तेच आमचं भांडवल."

मायने पेंटचे डबे पाहिले, भिंतीवरची ओल पाहिली, काउंटरवाल्याला पाहिलं. "मंग दिवारं निघालं म्हना की याइच्या पुंजीचं."

लिफ्टमध्ये शिबिरातली एक बाई आमच्याबरोबर चढली. कोटावर बिल्ला, हातात पावडरचा डबा. मायचा काळा चष्मा पाहून तिने डोक्यावर हात मारला. "अरे अम्मा, ऑपरेशन करा लिया? ये पावडर तीन महीना लेतीं तो जरूरत ही नहीं पडती!"

"एक दिवस उशीर केला तू, बाई," माय म्हणाली. "कालच्या सकारी कुठी होती?"

मी खोलीचं कुलूप उघडलं. माय आत गेली, मधोमध उभी राहिली आणि चष्मा काढला. आमच्या घरी भात मोजायला व्यापारी येतो तेव्हा ती पोत्यांकडे जशी बघते तशी ती त्या खोलीकडे बघू लागली. आधी वर पंख्याकडे. मग कोपऱ्यातल्या जाळ्याकडे, ज्यात कोळीसुद्धा कंटाळून निघून गेला होता. पडद्याला लोकांनी हात पुसले होते, ते डाग तिने बोटाने मोजले. आरशावर कोणाच्या तरी टिकल्या चिकटलेल्या, चार. मग ती खिडकीपाशी गेली.

बराच वेळ ती त्या गळक्या पाइपाकडे बघत होती.

"कडुनिंब कोन्या दिशेनं हाय?"

मी टेबलावरच्या थेंबांच्या बाटल्या पुन्हा ओळीने लावल्या.

"दोन म्हनत होती तू."

"डॉक्टर म्हणाले होते, तुम्हाला चिडू द्यायचं नाही."

"मी कुठी चिडली?" असं म्हणून तिने सतरंजीचं टोक उचललं. खालचा डाग पाहिला. सतरंजी परत ठेवली. "बोलाव त्याले," ती म्हणाली. अगदी शांतपणे म्हणाली, आणि मला रोवणीचे दिवस आठवले.

काउंटरवाला आला. मागे पांढऱ्या मिशांचा वेटरही आला, बहुतेक तमाशा बघायला. माय एकुलत्या एक खुर्चीवर बसली होती, चष्मा पुन्हा डोळ्यावर.

"काऊन गा बाबू, ही चादर धुतली हाय का?"

"धुली हुई है अम्मा. वो दाग पक्का है."

"दाग पक्का हाय, त धुतली कायची?"

"अम्मा, वो... डिजाइन जैसा समझिए."

वेटर खोकला. मायने मान थोडी कलती केली. खालच्या हॉलमधून "कैसे हैं आप?" आलं आणि गेलं.

"तू हिंदी काऊन बोलून रायला?" तिने विचारलं. "कोन्या गावचा हायेस?"

"यहीं का हूँ अम्मा."

"गोंदियाचा नोको सांगू. 'दाग' म्हनतांनी तुही जीभ आपली हाय."

मग त्याने आमच्याकडे न बघता सांगितलं, "सौंदडचा."

"पाय, आपल्या सौंदडचा!" माय माझ्याकडे वळून म्हणाली, जणू मी पैज हरले होते. "आई हाय?"

"हाये."

"तुह्या आईले या चादरीवर निजवशील?"

हे वाक्य कोणी मला म्हटलं असतं तर मी भांडले असते. तो भांडला नाही. त्याच्या तोंडावरचा तो सगळा 'हो जाएगा मॅडम' उतरला आणि खाली एक थकलेला माणूस निघाला. मग तो बोलू लागला, झाडीबोलीत, भराभर, आणि थांबेना. मालक नागपुरात राहतो. साफ करणारी बाई महिनाभर आली नाही, दुसरी कोणी ठेवली नाही. काउंटर त्याचं, बुकिंग त्याचं, फोन त्याचा, पाण्याची मोटर त्याची. मालक फोनवर विचारतो, गिऱ्हाइक खूश आहेत ना? "मी काय सांगू? मी म्हनतो, खूश हाये."

"खोटं बोलतो म्हना की," माय म्हणाली, आणि माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीत काहीतरी शोधू लागले.

"बरं," ती म्हणाली, "फडकं आन. मले वाकता नाही येत, नाही त मीच केलं असतं."

आणि त्याने फडकं आणलं. मी हे डोळ्यांनी पाहिलं नसतं तर मलाही खरं वाटलं नसतं. वेटरने स्टूल धरलं, काउंटरवाल्याने पंखा पुसला. माय खुर्चीवरून बोटाने दाखवत होती. "तिकडच्या कोन्यात. आनखी वर. हां, तोच." एका डोळ्याने तिला जे दिसत होतं ते आम्हा तिघांच्या सहा डोळ्यांना मिळून दिसत नव्हतं. नवी चादर मात्र आली नाही, कारण नवी चादर नव्हतीच. शेवटी तो म्हणाला, वर तिसऱ्या मजल्यावर मागच्या बाजूला एक खोली आहे, ती कोणाला देत नाहीत, तो स्वतः दुपारी तिथे पडतो. तिथली चादर त्याच्या घरची आहे, काल धुतलेली.

"काल फुल है म्हणाला होतात," मी म्हटलं.

"फुलच होती मॅडम," तो म्हणाला. "माह्यानं."

ती खोली लहान होती, चादर निळी, ठिकठिकाणी रफू केलेली आणि स्वच्छ. हॉलचा आवाज तिथे येत नव्हता. शांतताच शांतता. मायने थेंब घालून घेतले, आडवी झाली. मीही तिच्या पायाशी टेकले. दोन दिवसांत पहिल्यांदा पाठ टेकली होती.

दहा मिनिटांनी भिंतीपलीकडे पाण्याची मोटर सुरू झाली. खोली टाकीला लागून होती हे त्याने सांगितलं नव्हतं. पण मोटर कोणाला कसे आहात म्हणून विचारत नाही, नुसती चालते, आणि अर्ध्या तासाने थांबते. आम्ही दोघी झोपलो.

संध्याकाळी त्याने स्वतः खिचडी आणून दिली. खरी, एकत्र शिजवलेली. तांदूळ कणकीचाच होता. तरी मायने वाटी पुसून खाल्ली. टॉवेल मात्र शेवटपर्यंत धुलाईलाच राहिले.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी डोळा उत्तम आहे म्हणून सांगितलं आणि विचारलं, "शांत जागी होतात ना?" मायने माझ्याआधी उत्तर दिलं, "हो." दुपारच्या एसटीने आम्ही गोरेगावला आलो. नवऱ्याचा मित्र स्टँडवर गाडी घेऊन उभा होता.

गावात मळणी संपली होती, पण भुशाचा ढीग तसाच होता. घरात पाय ठेवत नाही तोच शेजारच्या चौघीजणी आल्या. ऑपरेशनचं दोन वाक्यांत संपलं. त्यांना हॉटेलचं ऐकायचं होतं. गावातून आजवर कोणी डोळ्यासाठी हॉटेलात राहिलं नव्हतं. मी चहा ठेवायला आत गेले आणि कान दारात ठेवले. मनात म्हटलं, आता निघतो छत्तीसगड.

"काय सांगू बाप्पा," मायचा आवाज आला. "राजवाडाच होता. पोरानं बुक केलता. लिफ्टमंधी बाई बसवून ठेवली, दार लावाले सांगते, किती अदबीनं बोलते. फोन केला का जेवन खोलीत. खाली शे-दीडशे मानसं, दिवसभर टाळ्या वाजवत, आन विचारत, कैसे हैं आप, कैसे हैं आप. तिथला सायब सौंदडचा, आपला मानूस. सोता स्टुलावर चढून पंखा पुसून देल्ला मले."

"अवो बाई!" एकीने म्हटलं.

"आन खिडकी?" दुसरीने विचारलं.

"मोठी," माय म्हणाली.

मी चहाचे कप घेऊन बाहेर आले. मायने माझ्याकडे पाहिलं. एक डोळा स्वच्छ, एक धूसर, दोन्हींत काही सापडेना. त्या चौघींतल्या एकीच्या सासऱ्यांचं पुढच्या महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. तिने मला हॉटेलचं नाव विचारलं, आपल्या नवऱ्याला पाठवायला. मी क्षणभर विचार केला. मग तिच्या मोबाइलवर नीट, काना-मात्रा न चुकवता, टाइप करून दिलं.